रात्रीची नोंद

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् हे देवळांचे नगर म्हणून सर्वश्रुत आहे. दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वणीला तेथील तलावात स्नान करण्यासाठी लक्षावधी यात्रेकरू लोटतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे मराठी माणसाला हे गाव अगदीच परके नव्हे. परंतु या गावाची आणखी एक ओळख होती, आणि ती तेथील रहिवाशांना खचितच प्रिय नसावी. हत्तीरोगाचे गाव, ही ती ओळख.

रोग्याची नोंद ठेवण्याची परंपरा या प्रदेशाला जुनी आहे. १७९९ च्या तहाने सरफोजी महाराजांचा राज्यकारभार कंपनीकडे गेला. महाराजांनी आपले लक्ष विद्येकडे वळविले. त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चाले. त्या काळच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेल्या आहेत. जे पाहिले ते लिहिले, आणि जे लिहिले ते दुसऱ्याला पडताळून पाहता आले, एवढेच या कागदांचे रहस्य. परंतु तेथे रोगी समोर बसलेला होता. रोगी म्हणजे एक अखंड गाव असेल, तर नोंद कशी करावी?

हत्तीरोगाने या प्रश्नाचे उत्तर मोठ्या विचित्र रीतीने दिले. या रोगाचे सूक्ष्म कृमी माणसाच्या रक्तात असतात, हे १८७२ मध्ये कलकत्त्यास लुईस याने दाखविले. ते डासाच्या शरीरात वाढतात, हे १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने शोधून काढले. पुढे त्याने रोग्यांचे रक्त रात्रंदिवस ठरावीक अंतराने तपासविले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मध्यरात्रीच्या सुमारास रक्तात हे कृमी विपुल असत. दिवसा ते फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांत जाऊन दडत. तुंबलेल्या गटारात वाढणारा डास रात्री चावतो, आणि कृमीही त्याच्याच वेळेवर बाहेर येतो!

याचा अर्थ असा की, कार्यालयीन वेळेत रक्ताचे थेंब गोळा करणाऱ्याला बाधित माणूसही निरोगीच दिसावा. तपासनीस प्रामाणिक, सूक्ष्मदर्शक निर्दोष, तक्ता सुबक, आणि निष्कर्ष मात्र साफ खोटा. बरे, सुजलेले पायच मोजावेत, तर तेही फसवे. पाय सुजलेल्या अनेकांच्या रक्तात कृमी मिळत नाहीत. ज्यांच्या रक्तात ते असतात, त्यांतले कितीएक धडधाकट दिसतात. म्हणून १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमात सेवकांना रात्री घरोघर हिंडून रक्त घ्यावे लागले. रोगाच्या वेळेला नोंदवहीने आपली वेळ जुळवून घेतली.

कोष्टकातील शून्याला आम्ही कारभारी माणसे फार मान देतो. रोग नाही आणि रोग पाहिलाच नाही, ही दोन्ही शून्ये कागदावर सारखीच दिसतात. आज हे अंतर ओळखण्याची गरज अधिक तीव्र झाली आहे, कारण आता नोंदी वाचणारा केवळ माणूस राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे लक्षावधी नोंदींवरून शिकतात आणि कोणाकडे आधी लक्ष द्यावे हे सुचवितात. दिवसाच्या रक्तावर शिकलेले यंत्र कुंभकोणम्‌ला निरोगी ठरवील, आणि तेही क्षणार्धात, अत्यंत आत्मविश्वासाने.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेत अधिक देखभालीसाठी रोगी निवडणाऱ्या एका यंत्रणेची चिकित्सा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या यंत्रणेने आजाराचे माप म्हणून उपचारांवर होणारा खर्च धरला होता. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असल्याने, तितकेच आजारी असूनही ते मागे पडत. ही चूक सुधारल्यास निवडलेल्यांमधील त्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून सुमारे ४७ टक्क्यांवर गेले असते. सुजलेले पाय मोजून रोग मोजण्याचाच हा नवा अवतार!

आपल्याकडे २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु कायद्याच्या आधी एक साधी नीती असते. रात्री दार ठोठावून सेवक ज्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतो, तो माणूस झोपमोड सोसून आपल्यावर विश्वास टाकीत असतो. हत्तीरोगाचे नाव घराला लागले की मुलींची लग्ने अडतात, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून ती नोंद चव्हाट्यावर जाता कामा नये. आणि थेंब घेऊन गेलेला हात औषध घेऊन परत आला पाहिजे. या दोन गोष्टी पाळल्या, तरच पुढच्या वेळी ते दार उघडेल. न उघडलेल्या दारामागे काय आहे, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही.