गुहा हरवली, पण नक्की कोणाची?

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग सापडली का एखादी गुहा?" मी नाही म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. आज जरा सविस्तर सांगतो. हरवलेल्या गुहांच्या आख्यायिकांवर काम करताना मी सुरुवातीला ज्या चुका केल्या, त्या तुम्हाला टाळता आल्या तर बरंच.

सुरुवात पालीपासून. मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या पुढे पाली लागतं. तिथून कोल्हापूरचा रस्ता नाणीज, साखरपा करत आंबा घाटाकडे जातो. तिथल्या एका आजोबांनी मला सांगितलं की त्यांच्या लहानपणी वरच्या सड्यावर एक भुयार होतं. पांडवांनी एका रात्रीत खणलेलं, थेट रत्नदुर्गापर्यंत जाणारं. गुरं आत शिरायला लागली म्हणून लोकांनी तोंडावर दगड टाकले. मी वहीत लिहिलं, "भुयार. पाली ते रत्नदुर्ग. पांडव." आणि खूश होऊन परत आलो.

मग कागद शोधायला लागलो. एका जुन्या टिपणात पालीजवळच्या बौद्ध लेण्यांचा उल्लेख मिळाला, १८९०-९१ च्या सुमारास उजेडात आलेल्या. आठ दिवस मी हवेत होतो. प्रकरणाचा आराखडासुद्धा तयार झाला. तो वाचून आमच्या मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "ही कुठली पाली?"

ती पाली रायगड जिल्ह्यातली होती, सुधागड तालुक्यातली, बल्लाळेश्वराची. त्या काळी ती भोर संस्थानात होती, तर रत्नागिरीची पाली थेट इंग्रजी अमलात. लेणी होती नाडसूरची (आज आपण त्यांना ठाणाळे म्हणतो) आणि नेणवलीची, म्हणजे खडसांबळ्याची. जे. ई. अ‍ॅबट या मिशनऱ्याने त्यांच्याबद्दल लिहिलं आणि १८९१ मध्ये हेन्री कझिन्स यांचा पुरातत्त्व खात्यासाठीचा अहवाल प्रसिद्ध झाला. माझा आराखडा कचऱ्यात गेला. धडा साधा आहे: गावाचं नाव मिळालं की आधी तालुका बघा, मग त्या काळचं संस्थान किंवा जिल्हा बघा, आणि मगच आनंद करा.

पण त्या चुकीतून एक गोष्ट हाती लागली. अ‍ॅबटच्या लेखाच्या शीर्षकातच ही लेणी 'नुकतीच सापडलेली' आहेत असं म्हटलंय. सापडली, पण कोणाला? त्या डोंगरात गुरं चारणाऱ्याला, लाकूडफाटा आणणाऱ्याला डोंगरात कोरलेल्या एवढ्या खोल्या दिसल्याच नसतील का? अजिंठ्याचंही तसंच. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी 'शोधली', असं आपण शाळेत शिकतो. स्थानिक लोकांचा तिथला वावर मात्र आधीपासूनचा. आता देवरुखजवळच्या मार्लेश्वराची आख्यायिका ऐका. आंगवलीचा सरदार शिकारीच्या मागे डोंगरात गेला आणि त्याला गुहेतला देव सापडला. एक इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट, एक देवळातली, पण साचा एकच: शिकारी जातो, जनावर पुढे पळतं, गुहा 'सापडते'. ज्याला ती आधीच माहीत होती तो माणूस दोन्ही गोष्टींतून गायब.

म्हणून माझ्या कामातला पहिला प्रश्न आता असा असतो: गुहा हरवली म्हणजे कोणापासून हरवली? बहुतेक वेळा ती गावातून हरवलेली नसते, कागदावरून हरवलेली असते.

याचं आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची लेणी. कोटजाई नदीच्या काठावर २९ लेणी आहेत. आधी बौद्ध, नंतर वज्रयान, मग नाथपंथ आणि गाणपत्य, असा हजार वर्षांच्या आसपासचा वापर तिथे दिसतो. त्यांचा नीट अभ्यास मात्र १९७० नंतरच झाला. त्याला निमित्त झाला पन्हाळ्याला मिळालेला शिलाहार विक्रमादित्याचा शके १०६१ चा, म्हणजे इ.स. ११३९ चा ताम्रपट. दाभोळचे अण्णा शिरगावकर यांच्यासारख्या, कुठल्याही विद्यापीठाच्या पगारावर नसलेल्या शोधकांमुळे अशा गोष्टी अभ्यासकांपर्यंत पोचल्या. ताम्रपटातलं 'प्रणालक' म्हणजेच हे पन्हाळे, ही ओळख पटली. पुढे म. न. देशपांडे यांनी या लेण्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. लेणी जागेवर होती, गावाचं नाव जागेवर होतं, नदी जागेवर होती. तुटला होता तो गाव आणि कागद यांना जोडणारा धागा.

आता आजोबांच्या भुयाराकडे येऊ. 'भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं' हा आख्यायिकेतला सगळ्यात रंगतदार भाग, आणि नेमका तोच सगळ्यात कच्चा. मेघालयात चुनखडीच्या डोंगरात क्रेम लियात प्राह नावाची गुहा आहे. गुहा-संशोधकांनी आत उतरून ती मोजली, ३० किलोमीटरहून जास्त भरली. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून हे शक्य होतं. आपला सडा जांभ्याचा. वरचं कवच टणक, खाली मऊ माती. पावसाचं पाणी ती माती वाहून नेतं आणि खाली पोकळी तयार होते. अशा पोकळ्या सहसा लांब जात नाहीत, आणि कवच खचलं की तोंड बुजतं. म्हणजे पालीहून रत्नदुर्गापर्यंतचं भुयार सोडून द्या, पण 'सड्यावर बीळ होतं आणि आता नाही' हे वाक्य भूगर्भाच्या हिशोबाने अगदी पटण्यासारखं आहे. रत्नदुर्गाच्या पोटात भुयार आहेच, पण एका टोकाला खरं भुयार आहे म्हणून दुसरं टोक आपोआप खरं होत नाही.

यातून माझी एक पद्धत ठरली. आख्यायिकेचे दोन भाग करायचे. 'कुठे' हा भाग बऱ्याचदा भरवशाचा असतो, कारण तो पायाखालच्या जमिनीशी बांधलेला असतो. 'कोणी' आणि 'किती लांब' हा भाग सांगणाऱ्याच्या कल्पनेचा, म्हणून तो मानसाच्या इतिहासात जातो, भुयाराच्या नाही. कोकणातली कातळशिल्पं याच वाटेने उजेडात आली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी गावोगाव फिरून गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत गेली. लोकांनी 'पांडवांची चित्रं' म्हणून बोट दाखवलं. त्यांनी पांडव बाजूला ठेवले आणि बोट दाखवलं तिकडे गेले. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत पोचली.

आणि आता माझी खरी चूक. वर्षभराने, ही पद्धत शिकून, मी पुन्हा पालीला गेलो. आजोबा पावसाळ्यातच गेले होते. त्यांच्या मुलाला भुयार माहीत होतं, पण 'वर कुठेतरी' एवढंच. रस्त्याच्या रुंदीकरणाने आणि चिरेखाणींनी सड्याच्या खुणाही बदलल्या होत्या.

मी वही उघडली. भुयार, रत्नदुर्ग, पांडव. आजोबांना न विचारताही मला जे कळलं असतं, नेमकं तेच लिहिलं होतं. दगड कोणी टाकले? जमीन कोणाची होती? पावसात आतून पाणी यायचं का? तोंडाशी कुठलं झाड होतं? गुरं कुठल्या वाटेने यायची? हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि त्या दुपारी ते सांगायला तयार होते. चहासुद्धा पाजला होता त्यांनी.

तेव्हा क्षेत्रकार्याला जाल तेव्हा गोष्ट जरूर ऐका, पूर्ण ऐका. ती संपली की वही मिटू नका. "आजोबा, तिथे जायची वाट कशी होती?" एवढं विचारा. आणि जमलं तर त्याच दिवशी त्यांच्याबरोबर सड्यावर चालत जा.