‘फाजील’ : अर्थ आणि वापर

गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी भागात मराठी आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात. त्यामुळे आधिक्य दाखवणारा एक शब्द तिथे दोन टोकांच्या अर्थांनी कानावर पडतो. मराठीत ‘फाजीलपणा पुरे’ ही पोराला दिलेली तंबी. मदरशांच्या परंपरेत मात्र ‘फाजिल’ ही मानाची पदवी. उत्तर प्रदेशच्या मदरसा मंडळात ती पदव्युत्तर दर्जाची धरली जाई. अशी उच्च पदवी मंडळाला देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

दोन्हींचे मूळ एकच. या अरबी धातूत उरणे, वर शिल्लक राहणे हा एक अर्थ आणि इतरांहून सरस असणे हा दुसरा. ‘फजल’ म्हणजे कृपा, ‘अफजल’ म्हणजे अधिक श्रेष्ठ, आणि ‘फिजूल’ म्हणजे निरर्थक, हे सगळे त्याच घरातले. मराठीत हा शब्द फारसीच्या वाटेने आला आणि जमाखर्चात रुळला : ठरल्याहून अधिकची रक्कम ती फाजील. त्या नोंदीत कोणावर ठपका नव्हता. उच्चारही मराठीच्या वळणावर गेला. शामिलचे सामील, गाफिलचे गाफील, तसे फाजिलचे फाजील. उपान्त्य इकार दीर्घ झाला.

आजचा वापर मात्र फार नेमका आहे आणि कोशातल्या ‘जास्त, अधिक’ एवढ्या अर्थाने तो उलगडत नाही. मेगाब्लॉकनंतर हार्बर मार्गावर सुटते ती ‘जादा’ लोकल, पंचांगात येतो तो ‘अधिक’ महिना, पटसंख्या घटली की शिक्षक ठरतो ‘अतिरिक्त’. आमटीत मीठ ‘जास्त’ पडते. फाजील मीठ कोणी म्हणत नाही. फाजील म्हणायला माणसाचे वागणे लागते. तेही कसले? लाड, आत्मविश्वास, उत्साह, चौकशी. फाजील द्वेष किंवा फाजील क्रौर्य असा प्रयोग कानाला खटकतो. का? कारण द्वेषाला योग्य असे प्रमाणच नसते, मग ते ओलांडणार कुठून? जी गोष्ट मापात असती तर चांगलीच ठरली असती, तिलाच साधारणपणे हे विशेषण लागते. ‘फाजील बडबड’ या नियमाच्या काठावर आहे, पण बोलणेही मुळात वाईट नव्हेच.

म्हणून ‘अतिरेक’ हा याचा पर्याय नव्हे. अतिरेक हिंसेचाही होतो. फाजील म्हणताना बोलणारा त्या गुणाची किंमत आधी मान्य करतो आणि मग त्याचे माप सुटल्याची तक्रार करतो. माझ्या मते उर्दूतल्या विद्वान फाजिलशी मराठीचे नाते इथे अजून शाबूत आहे. ‘फाजीलपणा’त मात्र ते तुटले : तिथे गुण उरलाच नाही, उरला तो निव्वळ आगाऊपणा. कोशात या रूपाला स्वतंत्र नोंद हवी.