आढ्याचे पाणी

आढ्याचे पाणी वळचणीला यावयाचेच, अशी मराठीत म्हण आहे. वळचणीचे पाणी आढ्याला चढविणे हा गुजरातीत अशक्यप्राय उद्योगाचा दाखला समजतात. छपराच्या दोन पाखी जेथे मिळतात ते आढे. नव्या घराची परीक्षा पहिल्या पावसात होते ती बहुधा तेथेच.

सुरतेच्या दक्षिण अंगाला असलेल्या उधन्यात या दोन्ही भाषा शेजारी नांदतात. जळगावकडून ताप्तीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला आणि उधन्यास मुंबई-सुरत मार्गाला मिळाला. पुढे कारखान्यांच्या कामासाठी खानदेशातील असंख्य कुटुंबे याच वाटेने येऊन येथे स्थायिक झाली. त्यांच्या गावाकडची जुनी घरे पुष्कळशी धाब्याची. लाकडी तुळयांवर मातीचा सपाट थर देऊन केलेल्या त्या छपराला आढेच नसते. जळगावकडे वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा माती सोसते. सुरतेकडे तो सुमारे 1200 मिलिमीटर पडतो. तेथे उतरते छप्परच हवे, आणि उतार आला की आढे आले.

पूर्वी या उतारांवर कुंभाराने घडविलेली नळीची कौले असत. वारा, माकडे आणि मांजरे ती हलवीत. म्हणून दर उन्हाळ्याअखेर घर शाकारण्याचा प्रघात होता. आढे उकलून पुन्हा बसविणे हा त्या वार्षिक कामाचाच भाग असे. गळती हा कुणाचा अपराध मानला जात नसे.

हा प्रघात मोडला तो यंत्राच्या कौलाने. आल्सासमधील जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणारे कौल सिद्ध केले. बाझेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे त्या धर्तीचा कारखाना काढला, आणि मंगलोरी कौल गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर पसरले. खाचेत खाच बसत असल्याने ते सहसा हलत नाही. दरसालची शाकारणी संपली, असे घरधन्यास वाटू लागले.

परंतु ही खाच पाखीपुरतीच होती. आढ्यावरचे कोने मात्र चुन्याने किंवा सिमेंटनेच जखडावे लागले. नव्या घरातील अपक्व लाकूड सुकताना आकसते, वासे किंचित बसतात, आढ्याची रेषा लवते. कडक सिमेंटला लवणे ठाऊक नाही, ते तडकते. कोरडे कौल गिलाव्यातले पाणी शोषून घेते, त्यामुळे पकडही कच्ची राहते. मग वाऱ्याने उडविलेला पाऊस त्या फटीतून शिरतो. घरधनी वरून सिमेंटचा आणखी एक थर देतो. पुढच्या वर्षी जुन्या भेगेवर नवी भेग उमटते.

जाणत्या गवंड्याची रीत निराळी असते. तो कोने उतरवितो, जुना मसाला खरवडतो, दोरी धरून आढ्याची रेषा पाहतो आणि बसलेला वासा आधी उचलून घेतो. वरच्या ओळीची कौले कोन्याखाली पुरेशी शिरली आहेत की नाहीत, हे तो तपासतो. कोने भिजवून, चुना मिसळलेला मऊ मसाला केवळ कडांना व सांध्यांना लावतो. कामाला आरंभ तो वाऱ्याच्या उलट टोकाकडून करतो. म्हणजे प्रत्येक कोन्याची उघडी कड नैर्ऋत्येच्या पावसाकडे पाठ करून राहते.

आज उधन्यात सिमेंटच्या सपाट गच्च्यांचे राज्य आहे, आणि खानदेशी कुटुंबांच्या माथ्यावर पुन्हा सपाट छप्पर आले आहे. तरी कौलांचा हा इतिहास शिल्लक राहतो. नळीच्या कौलाने दुरुस्ती हे दरवर्षीचे कर्तव्य मानले होते. मंगलोरी कौलाने ते विसरावयास लावले. घर नवे असले तरी पावसाळ्यापूर्वी एकदा शिडी लावून माथा पाहावा, एवढे शहाणपण त्या जुन्या शाकारणीत होते. ते न पाळल्यास आढ्याचे पाणी वळचणीपर्यंत जाण्याची वाट पाहत नाही. ते मध्येच, निजलेल्या माणसांच्या अंथरुणावर उतरते.