झाशी जिल्ह्यातील आशा: बेचाळीस दिवसांच्या गृहभेटी आणि त्यांचा मोबदला

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करण्याची जबाबदारी 'आशा' कार्यकर्तीवर असते. ही कार्यकर्ती बहुधा त्याच गावची सून असल्याने तेथील लोक तिला 'आशा बहू' या नावाने ओळखतात. महाराष्ट्रात तिला आशा स्वयंसेविका म्हणतात. तिच्या भेटींचे दिवस बाळाच्या जन्मतारखेवरून ठरतात. मोबदला मात्र भेटींचा पूर्ण क्रम संपल्यावर आणि ठरावीक अटी पूर्ण झाल्यावरच मिळतो. या दोन नियमांमधील अंतर हेच तिच्या अडचणींचे मुख्य कारण आहे.

योजनेची पार्श्वभूमी

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ १२ एप्रिल २००५ रोजी झाला. आरोग्यसेवेत मागे पडलेल्या १८ राज्यांवर त्यात प्रथम भर देण्यात आला. उत्तर प्रदेश त्यांपैकी एक होते. साधारणतः एक हजार लोकसंख्येमागे गावातील एक विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित महिला निवडावी, असे ठरले. ती सरकारी कर्मचारी नसून स्वयंसेविका असेल आणि तिला वेतनाऐवजी कामानुसार प्रोत्साहनपर भत्ता मिळेल, ही या योजनेची मूळ रचना होय. दिवसाला दोन ते तीन तास आणि आठवड्यातून सुमारे चार दिवस, एवढेच काम तिच्याकडून अपेक्षित असल्याचे प्रारंभीच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते.

नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम २०११ साली देशभर लागू झाला. त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांमध्ये प्रशिक्षित ग्रामीण महिलांमार्फत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. गडचिरोलीत 'आरोग्यदूत' म्हणून ओळखली जाणारी ही महिला प्रामुख्याने बाळ-बाळंतिणीचेच काम करीत असे. राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र हे काम आशाच्या अनेक कामांपैकी एक ठरले.

भेटींचे वेळापत्रक

रुग्णालयात बाळंतपण झाल्यास जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा एकूण सहा भेटी द्याव्या लागतात. बाळंतपण घरी झाल्यास पहिल्या दिवसाची एक भेट त्यात वाढते. प्रत्येक भेटीत बाळाचे वजन व तापमान घेणे, श्वास मोजणे, नाळ पाहणे, स्तनपान नीट होते की नाही याची खात्री करणे आणि धोक्याची लक्षणे दिसल्यास बाळाला रुग्णालयात पाठविणे ही कामे असतात. मातेची विचारपूसही करावी लागते. २०१८ पासून यात लहान बालकांच्या गृहभेटींची भर पडली. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे झाल्यावर या भेटी होतात.

उत्तर प्रदेशात २०२० साली दर हजार लोकसंख्येमागे सुमारे २५ जन्म नोंदले गेले. हे प्रमाण धरल्यास एका आशाकडे वर्षाला २५ बाळंतपणे येतात. म्हणजे नवजात बालकांच्या १५० आणि लहान बालकांच्या १२५, अशा एकूण २७५ गृहभेटी होतात. कोणत्याही दिवशी तिच्या यादीत बेचाळीस दिवसांच्या आतील साधारण तीन बाळे असतात आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा असतो. रविवार, सण किंवा शेतीचा हंगाम यांना या वेळापत्रकात स्थान नाही.

याच दिवसांत तिला इतर कामेही करावी लागतात. गरोदर महिलेला रुग्णालयात नेणे हे त्यांतील सर्वांत अनिश्चित काम होय. झाशी जिल्ह्यात मोठ, मऊरानीपूर, गुरसराय, बामौर यांसह आठ विकासखंड आहेत. अडलेल्या बाळंतिणीला झाशी शहरातील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागले, तर मऊरानीपूरकडील गावांतून सुमारे साठ किलोमीटरचा प्रवास घडतो. त्या दिवशी दुसऱ्या घरातील बाळाची सातव्या दिवसाची भेट असल्यास ती चुकण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात या भागाचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे दुपारच्या वेळी घरोघरी फिरणे कठीण होते.

मोबदल्याच्या अटी

नवजात बालकाच्या सर्व भेटींसाठी मिळून २५० रुपये असा दर २०११ साली ठरला. सहा भेटींचा हिशेब केल्यास एका भेटीचे ४२ रुपयेही होत नाहीत. पुढे दशकाहून अधिक काळ हा दर बदलला नाही. लहान बालकांच्या पाच भेटींसाठीही प्रत्येकी ५० रुपयांप्रमाणे २५० रुपयेच ठरले. वर नमूद केलेल्या २७५ भेटी वेळेवर पूर्ण झाल्या आणि सर्व देयके मंजूर झाली, तरी वर्षाची रक्कम १२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी सुमारे १,०४० रुपये होते.

नवजात बालकाची रक्कम बेचाळिसाव्या दिवसानंतरच देय होते. बाळाच्या वजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि वयानुसार लसीकरण झालेले असावे, तसेच माता व बाळ दोघेही बेचाळिसाव्या दिवशी सुरक्षित असावेत, अशा अटी त्यासाठी घालण्यात आल्या. यांपैकी काही गोष्टी आशाच्या हातात असतात, तर काही नसतात. लस उपलब्ध असणे, जन्मदाखला वेळेवर मिळणे आणि अकाली जन्मलेले बाळ वाचणे या बाबी संपूर्ण आरोग्यव्यवस्थेवर अवलंबून आहेत. उत्तर प्रदेशात २०२० साली दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली, तर देशाची सरासरी २० होती. ज्या घरात सर्वाधिक धोका असतो आणि जेथे आशाला अधिक वेळ द्यावा लागतो, तेथेच तिचा मोबदला सर्वाधिक अनिश्चित ठरतो.

बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा आणि बुंदेलखंडातून रोजगारासाठी होणारे स्थलांतर यांमुळेही क्रम खंडित होतो. कुटुंब विसाव्या दिवशी गाव सोडून गेले, तर नंतरच्या भेटी होऊ शकत नाहीत. नंतरच्या सूचनांत काही बाबींत सुधारणा झाली. जुळी बाळे असल्यास दुप्पट रक्कम देण्याची, तसेच शस्त्रक्रियेने बाळंतपण झाल्यास तिसऱ्या दिवसाची भेट वगळून उरलेल्या पाच भेटींवर पूर्ण रक्कम देण्याची तरतूद करण्यात आली.

देयकाची पडताळणी होऊन रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. यामुळे मध्येच पैसे कापले जाण्याची शक्यता कमी झाली. परंतु पहिली भेट आणि तिचा मोबदला यांत किमान सहा आठवड्यांचे अंतर राहतेच. निधी येण्यास विलंब झाल्यास ते आणखी वाढते.

नियमित भत्ता आणि राज्यांची भर

गृहभेटींखेरीज ठरावीक नियमित कामांसाठी केंद्राकडून मासिक भत्ता मिळतो. ऑक्टोबर २०१८ पासून तो एक हजारावरून २,००० रुपये झाला. ग्राम आरोग्य दिन, मासिक बैठका, जन्म-मृत्यूच्या नोंदी, लसीकरणाच्या याद्या अशा आठ कामांचे तुकडे जोडून ही रक्कम तयार होत असे. २०२५ साली केंद्राने हा भत्ता ३,५०० रुपये केला. दहा वर्षांच्या सेवेनंतर काम सोडणाऱ्या आशाला मिळणारी रक्कमही २० हजारांवरून ५० हजार रुपये करण्यात आली. आयुर्विमा, अपघात विमा आणि २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे संरक्षणही आशांना लागू झाले.

राज्ये आपल्या निधीतून यात भर घालू शकतात. त्यामुळे तेच काम करणाऱ्या महिलेचे उत्पन्न राज्यागणिक बदलते. महाराष्ट्रातील आशांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संप पुकारला. आश्वासनाची पूर्तता न झाल्याने जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.

मूळ प्रश्न

आशांना कर्मचारी मानावे आणि किमान वेतन द्यावे, अशी शिफारस मे २०१३ मध्ये झालेल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. तथापि त्यांचा स्वयंसेविकेचा दर्जा कायम राहिला.

स्वयंसेविकेच्या कामाला निश्चित वेळ नसते आणि साप्ताहिक सुट्टीही नसते, म्हणून तिच्या तासांचा हिशेब कोठेच होत नाही. भत्त्यात वाढ झाली तरी ही उणीव भरून निघत नाही. बाळाच्या वजनाची, तापमानाची आणि श्वासांची नोंद आशा प्रत्येक भेटीत करते. त्या भेटीसाठी तिने घरून किती वाजता पाऊल उचलले आणि ती किती वाजता परतली, हे लिहिण्यासाठी त्या नोंदीत रकाना नाही.