पुनःस्फटिकीकरण आणि शुद्धतेची कसोटी

परभणी जिल्ह्यातील पाथरी, सोनपेठ व गंगाखेड या गोदाकाठच्या तालुक्यांत ऊस पिकतो. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवून गूळ केला म्हणजे रसातील बरीचशी इतर द्रव्ये गुळातच राहतात. कारखान्यात तोच रस निवळून आटवला असता साखरेचे दाणे वेगळे होतात व मळी मागे उरते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत बेंझॉइक आम्लाचे पुनःस्फटिकीकरण करणारा विद्यार्थी तत्त्वतः या दुसऱ्या मार्गानेच जात असतो. त्याच्या गाळणीखाली उतरणारा मातृद्रव ही त्याची मळीच होय.

या क्रियेचे मूळ प्राचीन आहे. 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थच खडा असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा हे पदार्थ एकत्र नोंदले असून, मत्स्यंडिका, खंड व शर्करा हे उत्तरोत्तर अधिक निर्मळ असल्याचे सुश्रुतसंहिता सांगते. उत्तर भारतातील खांडसरीच्या जुन्या पद्धतीत दाणेदार राबेवर ओल्या पाणवनस्पतींचा थर देत. त्यातून हळूहळू झिरपणारे पाणी दाण्यांना चिकटलेला पाक धुऊन नेई. गाळणीवरील स्फटिक थंड विद्रावकाने धुण्यामागील हेतू याहून निराळा नाही. मात्र त्या काळी निर्मळपणाचा निवाडा डोळा व जीभ यांच्यावरच सोपविलेला होता.

रंग घालविण्याच्या उपायाची भर सेंट पीटर्सबर्ग येथील औषधशास्त्रज्ञ टोबियास लोविट्झ यांनी घातली. टार्टारिक आम्लाचे द्रावण आटविताना तपकिरी होते, आणि लाकडी कोळशाच्या योगाने तो रंग नाहीसा होतो, हे त्यांना १७८५ मध्ये आढळले. पुढे साखर शुद्ध करणाऱ्यांनीही कोळशाचा अवलंब केला. परंतु पांढरेपणा म्हणजे शुद्धता नव्हे. रंगहीन अशुद्ध द्रव्यावर डोळ्याची मात्रा चालत नाही.

ही उणीव फ्रान्समधील मिशेल शेव्रल यांनी ओळखली. स्निग्ध पदार्थांवरील त्यांचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पदार्थाचे पुनःपुन्हा स्फटिकीकरण करावे आणि त्याचा द्रवणांक बदलेनासा झाला म्हणजे तो शुद्ध मानावा, ही कसोटी त्यांच्या कार्यामुळे रूढ झाली. तथापि त्याच कार्यात एक बोधप्रद चूक दडली होती. मोत्यासारख्या चमकीवरून त्यांनी ज्याला 'मार्गारिक आम्ल' असे नाव दिले, तो एक पदार्थ नसून पामिटिक व स्टिअरिक या दोन आम्लांचे मिश्रण होते, असे १८५० नंतरच्या दशकात हाइंट्झ यांनी दाखविले. ज्यांनी कसोटी घडविली, त्यांनाही तिने चकविले.

आजच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगालाही हा इतिहास लागू पडतो. २५° सेल्सिअसला एक लिटर पाण्यात बेंझॉइक आम्ल सुमारे ३.४ ग्रॅम विरघळते, तर उकळत्या पाण्यात ५० ग्रॅमहून अधिक. म्हणून १० ग्रॅम आम्ल २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात विरघळवून थंड केल्यास सुमारे ०.७ ग्रॅम आम्ल मातृद्रवात राहणारच. अल्प प्रमाणातील इतर विद्राव्य द्रव्येही त्याबरोबर निघून जातात. हा तोटा म्हणजे शुद्धतेचे मोल होय. उतारा वाढावा म्हणून मातृद्रव आटवून मिळविलेले स्फटिक पहिल्या स्फटिकांत मिसळणे म्हणजे दूर सारलेली द्रव्ये पुन्हा आत घेणे होय.

शुभ्र व सुबक स्फटिक, त्याचा १२२° हा द्रवणांक, आणि ज्ञात शुद्ध नमुन्यात मिसळूनही न ढळणारा तोच अंक, या क्रमाने पुरावा बळकट होत जातो. पुनःस्फटिकीकरणाची कृती शतकानुशतके फारशी पालटली नाही. पालटत गेला तो 'शुद्ध' हा शब्द उच्चारण्यापूर्वी मागितला जाणारा पुरावा.