कांदाचाळ

कांदाचाळ : रब्बी हंगामातील कांदा चार ते सहा महिने टिकवून ठेवण्यासाठी शेतकरी आपल्या शेतात किंवा घरालगतच्या मोकळ्या जागेत स्वतः उभारतो ती, तळ जमिनीपासून उचललेली, बाजूंनी हवेशीर आणि वरून छपराने झाकलेली साठवणगृहाची रचना. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, धुळे, सोलापूर या जिल्ह्यांतील कांदा पिकवणाऱ्या गावांत ती सर्रास आढळते; जुन्नर व आंबेगाव भागात तिला बराख असेही म्हणतात. धान्याचे कोठार बाहेरच्या हवेपासून शक्य तितके बंद ठेवावे लागते, कांदाचाळीचे मात्र त्याच्या उलट आहे. कांदा काढणीनंतरही जिवंत असतो, श्वसन करतो आणि त्यातून उष्णता व बाष्प बाहेर टाकतो. ही उष्णता व बाष्प ढिगातून वेळच्या वेळी बाहेर पडले नाही, तर आतला कांदा घामेजतो आणि सडू लागतो. म्हणून ऊन व पाऊस अडवणे आणि वारा न अडवणे या दोन गरजांचा मेळ घालणे हाच चाळीच्या बांधकामातला खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम घेतले जातात. खरीप आणि रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा कांदा साठवणुकीत फार टिकत नाही व तो काढणीनंतर लवकरच बाजारात न्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये निघणारा रब्बी कांदा, ज्याला बाजारात उन्हाळ कांदा म्हणतात, तेवढाच चाळीत भरण्याजोगा असतो. नवा खरीप कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येईपर्यंत बाजाराची गरज मुख्यतः याच साठ्यातून भागते. काढणीच्या दिवसांत सर्वांचा माल एकदम आल्याने भाव उतरलेले असतात. तेव्हा मिळेल त्या किमतीला विकण्याऐवजी थांबण्याची मुभा शेतकऱ्याला चाळीमुळे मिळते. पुढे भाव वाढेलच अशी हमी ती देत नाही, आणि साठवणुकीतील घट भाववाढीतून भरून निघाली तरच थांबणे फायद्याचे ठरते, हे चाळ बांधण्यापूर्वी नीट ध्यानात घ्यावे लागते.

ही घट तीन प्रकारची असते : पाणी उडून जाऊन वजन कमी होणे, बुरशी व जिवाणूंमुळे सडणे आणि कोंब फुटणे. साध्या हवेतील साठवणुकीला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता अनुकूल मानली जाते. आर्द्रता याहून वाढली की काळी बुरशी व कूज बळावते, फार उतरली की वजन घटते, तर १० ते २० अंशांच्या दरम्यान कोंब येण्यास चालना मिळते. पावसाळा सरून रात्री थंड होऊ लागतात त्याच सुमारास कांद्याची सुप्तावस्था, म्हणजे अंकुर निद्रिस्त राहण्याचा काळ, संपत आलेली असते, आणि त्यामुळे साठवलेल्या कांद्याला दिवाळीच्या आसपास कोंब दिसू लागतात.

चाळीचे नियोजन क्षमतेपासून सुरू होते. एक घनमीटर जागेत साधारण ५५० ते ६०० किलो कांदा मावतो. बारा मीटर लांबीच्या दोन कप्प्यांत, प्रत्येकी १.२ मीटर रुंदीचा व दीड मीटर उंचीचा थर भरला, तर सुमारे ४३ घनमीटर जागा, म्हणजे जवळपास २५ टन कांदा होतो. रब्बी कांद्याचे एकरी उत्पादन दहा-बारा टन धरले, तर दोन एकरांच्या मालाला अशी एक चाळ पुरते. १.२ मीटर, म्हणजे चार फूट, ही रुंदी विचारपूर्वक ठरवलेली आहे. तेवढ्या रुंदीत ढिगातला कोणताही कांदा बाजूच्या मोकळ्या हवेपासून ६० सेंटिमीटरहून दूर राहत नाही. जास्त माल बसवण्यासाठी रुंदी किंवा थराची उंची वाढवण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु असा वाढवलेला ढीग मध्यभागी तापतो, खालच्या कांद्यावर भार पडून तो दबतो, आणि मिळवलेल्या जागेपेक्षा गमावलेला माल जास्त भरतो.

जागा उंच, पाण्याचा निचरा होणारी आणि वाऱ्याच्या वाटेवरची हवी. गोठा, उकिरडा, दाट झाडी किंवा उंच इमारतीचा आडोसा टाळावा, आणि ट्रॅक्टर किंवा पिकअप गाडी चाळीपर्यंत पोहोचेल इतका पक्का रस्ता पावसाळ्यातही राहील हे पाहावे. दिशा चाळीच्या प्रकारावर ठरते. एकच कप्पा असलेली एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, कारण त्यामुळे पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा तिच्या लांब बाजूवर आडवा येऊन अरुंद ढिगातून आरपार जातो. मध्ये दीड मीटरची मोकळी वाट ठेवून दोन्ही अंगांना कप्पे काढलेली दोन पाखी चाळ मात्र पूर्व-पश्चिम ठेवतात. तिच्यात वारा मधल्या वाटेने वाहतो व दोन्ही कप्प्यांना पोहोचतो. लांबी पंधरा मीटरच्या आत ठेवणे हिताचे असते.

पायासाठी खड्डे काळ्या मातीच्या थराखाली मुरूम लागेपर्यंत न्यावेत, कारण काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसते आणि उथळ रोवलेले खांब कलतात. खांब सिमेंट काँक्रीटचे किंवा लोखंडी अँगलचे असतात. कप्प्याचा तळ जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंच ठेवून त्यावर बांबू किंवा लाकडी पट्ट्या फटी राखून बसवतात, जेणेकरून खालून शिरलेली थंड हवा ढिगातून वर चढत गरम हवेला बाहेर ढकलते. ही तळातली पोकळी रिकामी पोती, जळण किंवा अवजारे कोंबून बुजवली की चाळीचे निम्मे काम थांबते. बाजूंनाही बांबूच्या चिरफळ्या किंवा जाळी लावतात. पूर्वी याच जागी तुराट्या, पऱ्हाट्या व उसाचे पाचट वापरत, आणि खर्च झेपत नसेल तेथे ते आजही वापरले जाते. छपराला मंगलोरी कौले किंवा सिमेंटचे पत्रे चांगले. लोखंडी पत्रा उन्हात फार तापतो, त्यामुळे तो वापरलाच तर वर पाचटाचा थर पसरावा. छप्पर कप्प्याच्या बाहेर सुमारे एक मीटर निघालेले असावे, म्हणजे तिरका पाऊस कांद्यापर्यंत येत नाही. झडीच्या दिवसांत पश्चिमेला ताडपत्री सोडतात, मात्र पाऊस थांबताच ती गुंडाळून ठेवणे आवश्यक असते.

तथापि चाळीतील कांद्याचे आयुष्य बरेचसे शेतातच ठरते. लागवडीला ६० दिवस झाल्यानंतर नत्र देऊ नये, काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे आणि निम्म्या पिकाच्या माना पडल्यावर काढणी करावी. उपटलेला कांदा पातीसह तीन ते पाच दिवस शेतात अशा रीतीने पसरतात की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येऊन त्याला ऊन लागू नये. नंतर दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापतात आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवतात. यामुळे मान मिटते, वरची साल कोरडी व घट्ट होते आणि बुरशीला आत शिरण्याची वाट राहत नाही. जोड कांदे, डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आलेले, जाड मानेचे व इजा झालेले कांदे भरण्यापूर्वीच वेगळे काढावे लागतात. एन-२-४-१ आणि राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केलेला भीमा किरण हे टिकाऊपणासाठी ओळखले जाणारे वाण आहेत.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ पासूनच्या निकषांत २५ टनांच्या चाळीचा खर्च १ लाख ७५ हजार रुपये धरून त्याच्या निम्मे अनुदान ठेवलेले होते. अनुदान ठरावीक आराखड्याशी बांधलेले असल्याने शास्त्रीय मापांच्या चाळी गावोगावी पोहोचण्यास मोठी मदत झाली. कोंब येण्यावर चाळीबाहेरचा एक उपायही आहे : लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात ६० ते ९० ग्रे मात्रेचे गॅमा किरण देऊन कांद्याचे कोंब रोखता येतात. सड व वजनातील घट मात्र त्याने थांबत नाही, त्यामुळे किरणोपचार केलेल्या कांद्यालाही नंतर हवेशीर चाळ किंवा शीतगृह लागतेच.