जवारीचा धागा आणि पायाखालची पेटी

वर्ध्याहून नागपूरकडे जातांना वाटेवर पवनार गांव लागतें, आणि गांवाला लागूनच धाम नदी वाहते. नदीचें पात्र खडकाळ आहे. पाणी उतरूं लागलें म्हणजे या खडकांमधून लहानमोठे डोह उरतात. अशा डोहांत एखाद्या मुलानें खडा टाकला, तर एक लाट थेट काठाकडे येते; दुसरी मधल्या खडकावर आपटून, वळसा घेऊन, किंचित् उशिरानें त्याच ठिकाणीं पोंचते. उंचवट्यावर उंचवटा आला तर पाणी अधिक चढतें. परंतु उंचवट्याच्या वेळीं खळगा येऊन मिळाला, तर दोन लाटा असूनही तेथलें पाणी जवळजवळ निश्चल राहतें. दोन गति एकत्र येऊन शांतता उत्पन्न व्हावी, हें निसर्गाचें एक मोठें नवल आहे.

ध्वनीच्या लाटांचाही न्याय हाच. गिटार या तंतुवाद्याच्या स्वराला वाहतें, फिरतें रूप देणारी ‘फेजर’ नांवाची जी लहानशी पेटी वादक पायाशीं ठेवतात, तिचें सारें मर्म या एवढ्याशा उशिरांत सांठविलेलें आहे. या पेटीचा जन्म जपान व अमेरिका या देशांत झाला. तथापि ज्या कानांनीं तंबोरा ऐकिला आहे, त्यांना तिचा नाद अगदींच परका वाटत नाहीं. हें साम्य कोठवर खरें आणि कोठें संपतें, हें पाहण्यासारखें आहे.

तंबोऱ्याची गोष्ट निघाली कीं मिरजेचें नांव येतेंच. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, तलवारीची किंमत उतरली, आणि या हातांना दुसरें काम शोधणें प्राप्त झालें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरज येथें फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यांच्या कामांत हात घातला. पुढें तो धंदा इतका रुजला कीं त्या मंडळींपैकीं कित्येकांचें आडनांवच ‘सतारमेकर’ झालें. पंढरपूरकडील कडू भोपळा, तुणीचें लाकूड आणि पिढ्यान् पिढ्यांचा कान, एवढ्या सामग्रीवर मिरजेचा तंबोरा देशभर गेला.

भोपळा आणि दांडी हें झालें तंबोऱ्याचें शरीर. त्याचा प्राण घोडीवर असतो. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारेची नसून रुंद व अगदीं मंद उताराची असते. त्या उतारावर तार टेकते, आणि तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा एक बारीक धागा सरकवितात. हा धागा केसभर पुढें किंवा मागें केला तर नाद मुका होतो किंवा चरचरतो. परंतु नेमक्या जागीं बसला म्हणजे तार एकदम बोलूं लागते. तार हलतांना घोडीच्या पाठीला पुनःपुन्हा ओझरता स्पर्श करिते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अनेक सहस्वर जागे होतात. तारेचा झोंका जसजसा कमी होतो, तसतसा या सहस्वरांचा तोल बदलत जातो, आणि एकच तार एकदांच छेडली असतांही स्वर आंतल्या आंत फिरतो आहे असा भास होतो. यासच जवारी म्हणतात. मिरजेस दीर्घकाळ वास्तव्य केलेले खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) हे तंबोरा जुळविण्याच्या बाबतींत किती काटेकोर होते, याची ख्याति गायकवर्गांत आहे.

या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळाला तो १९२१ सालीं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या सहस्वराचा स्थिरबिंदु असेल, तो सहस्वर नादांत उमटूं नये, असा यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा नियम होता. तंबोऱ्यांत व वीणेंत तो सहस्वरही स्पष्ट ऐकूं येतो, असें रामन यांनीं दाखविलें, आणि त्याचें कारण रुंद घोडींत आहे असें सांगितलें. नोबेल पारितोषिक त्यांस १९३० सालीं मिळालें तें प्रकाशावरील कार्याबद्दल. परंतु सुतारकाम करणाऱ्या एका कारागिरानें जें हातानें साधिलें होतें तें भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेंही विचारार्ह आहे, ही गोष्ट त्यापूर्वींच नोंदली गेली होती.

आतां पश्चिमेकडे वळूं. १९४० च्या सुमारास अमेरिकेंत डॉन लेस्ली यानें विजेच्या ऑर्गनसाठीं फिरत्या कर्ण्याचा ध्वनिक्षेपक तयार केला. कर्णा श्रोत्याकडे येई व दूर जाई, त्यामुळें स्वर हेलकावे घेई. परंतु ही वस्तु कपाटाएवढी होती. तोच परिणाम लहान पेटींत आणावा अशी इच्छा अनेकांना झाली. जपानमध्यें शिन-एई या कंपनीकडे काम करणारे फुमिओ मिएदा यांना मात्र प्रेरणा मिळाली ती नभोवाणीपासून. रात्रीं दूरच्या मॉस्को केंद्राचे कार्यक्रम ऐकतांना आवाज कधीं उजळे, कधीं विरे, कधीं वळसे घेत येई. ज्यांनीं लघुलहरींवर परदेशीं केंद्रें लाविलीं आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाहीं. आकाशांतील विद्युन्मय थरांवरून वेगवेगळ्या वाटांनीं आलेल्या लहरी एकमेकींस कोठें उचलून धरतात, कोठें पुसून टाकतात. धाम नदीच्या डोहांत जें घडतें तेंच येथें आकाशांत घडतें. मिएदांनीं तें विजेच्या मंडलांत बसविलें, आणि १९६८ च्या सुमारास ‘युनि-व्हाइब’ ही पेटी बाजारांत आली. ऑगस्ट १९६९ मध्यें वुडस्टॉकच्या प्रचंड मेळाव्यांत जिमी हेंड्रिक्स यानें ती वाजविली आणि तिचा नाद जगभर झाला. पुढें १९७१ मध्यें टॉम ओबरहाइम यांनीं रचिलेला ‘मॅस्ट्रो’ फेजर निघाला. १९७४ सालीं अमेरिकेंतीलच एमएक्सआर कंपनीच्या कीथ बार यांनीं एकाच खुंटीची ‘फेज ९०’ काढली, आणि तळहाताएवढी ही पेटी सामान्य वादकाच्या आवांक्यांत आली.

तिची रचना समजण्यास कठीण नाहीं. गिटारचा विद्युत्-स्वर पेटींत शिरतांच त्याच्या दोन वाटा होतात. एक सरळ जाते. दुसरींत एकामागून एक चार टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यांत एक रेझिस्टर व एक कपॅसिटर असून ते स्वराचा जोर कमीजास्त न करितां केवळ त्याची लाट मागें सारतात. नीच स्वर थोडे, उच्च स्वर अधिक. शेवटीं दोन्ही वाटा एकत्र मिळतात. ज्या स्वरांची लाट नेमकी अर्धा फेरा मागें पडली, ते सरळ वाटेच्या लाटेशीं भिडून नाहीसे होतात. दोन टप्प्यांनीं असा एक खळगा पडतो, चार टप्प्यांनीं दोन. उदाहरणार्थ, प्रत्येक टप्प्यांत दहा हजार ओहमचा रेझिस्टर व ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर एक खळगा सेकंदास सुमारें ६६० कंपनांवर व दुसरा सुमारें ३८४० वर येतो. हे खळगे स्थिर राहिले तर कानास विशेष कांहीं जाणवत नाहीं. म्हणून एक मंद डोलणारें मंडल त्या रेझिस्टरांचें मूल्य सतत बदलत ठेवतें, खळगे वर-खालीं फिरतात, आणि स्वर वाहूं लागतो.

येथेंच जवारीचा व फेजरचा फरक ध्यानांत येतो. जवारी नसलेले सहस्वर उत्पन्न करिते. फेजर असलेल्या सहस्वरांतून कांहीं पुसून टाकितो. एकाचें काम पेरणीचें, दुसऱ्याचें खुरपणीचें. परिणामांत साम्य आहे, कारणांत नाहीं. म्हणून ‘हें सारें आमच्याकडे पूर्वींच होतें’ असें म्हणून समाधान मानणें जितकें चुकीचें, तितकेंच मिरजेच्या कारागिराची करामत अडाणीपणाची समजणेंही चुकीचें आहे.

अशी पेटी विकत घेण्याऐवजीं घरीं करावी असें एखाद्या विद्यार्थ्यास वाटलें, तर त्याच्यापुढें मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला युनि-व्हाइबचा: मध्यें एक दिवा आणि भोंवतीं चार प्रकाशग्राही रेझिस्टर. याचा नाद उबदार व धडधडता. कारण दिवा तापण्यास व निवण्यास वेळ घेतो. परंतु दिवा वीज फार खातो आणि पेटींत बाहेरचा उजेड शिरतां कामा नये. दुसरा मार्ग ‘स्मॉल स्टोन’चा. डेव्हिड कॉकरेल यांनीं १९७४ च्या सुमारास रचिलेल्या या पेटींत टप्प्यांचें काम विशिष्ट आयसी करीत. त्या मूळ जातीची आयसी आतां बनत नाहीं, दुसरी घेऊन रचना बदलावी लागते. तिसरा मार्ग फेज ९० चा: रेझिस्टरांचें मूल्य बदलण्यासाठीं चार फेट ट्रान्झिस्टर, आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी. नवशिक्यास हाच मार्ग सोयीचा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

मात्र या मार्गांत एक कसोटी आहे. चारही फेट एकसारखे असावे लागतात, आणि एकाच पाकिटांतील फेटही एकसारखे नसतात. ते निवडण्याची रीत अशी: फेटचा गेट बॅटरीच्या ऋण टोकाला व ड्रेन धन टोकाला जोडावा, सोर्सपासून ऋण टोकापर्यंत दहा हजार ओहमचा रेझिस्टर घालावा, आणि सोर्सवरचा दाब मीटरनें मोजून टिपून ठेवावा. बोटांच्या उबेनेंही आंकडा सरकतो, म्हणून फेट लावल्यावर थोडें थांबावें. वीसपंचवीस फेट मोजावे तेव्हां जवळजवळ सारख्या आंकड्यांचे चार हातीं लागतात. घाई करून कोणतेही चार बसविले, तर पेटी चालते खरी, पण खळगे उथळ पडतात आणि स्वर फिरल्यासारखा वाटत नाहीं. मिरजेचा कारागीर भोपळे पारखतो, चार तारा कानानें जुळवितो. येथें मीटरनें तेंच करावयाचें. जोडणीही क्रमानें करावी. आधीं स्वराची वाट पुरी करून गिटार स्वच्छ ऐकूं येतें कीं नाहीं हें पाहावें. मग डोलणारें मंडल जोडावें. शेवटीं आंतील लहान खुंटी हळूहळू फिरवून नाद जेथें खुलतो तेथें थांबावें. ही शेवटची जागा कोणत्याही मीटरवर सांपडत नाहीं. ती कानालाच शोधावी लागते, जवारीच्या धाग्याची शोधावी लागते तशीच.

पवनारच्या परंधाम आश्रमांत १९५० सालीं विनोबा भावे यांनीं कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला, तेव्हां विहीर खणण्यापासून शेतीपर्यंत सारें स्वतःच्या हातांनीं करण्याचा तेथें आग्रह होता. त्या प्रयोगाचा हेतु निराळा होता. गिटारच्या पेटीशीं त्याचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतील एक गोष्ट कोणत्याही कारागिरीस लागू पडते: जी वस्तु आपण केली, तीच आपल्याला दुरुस्त करितां येते.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची वार्ता होय. पण मानांकनानें नांव सुरक्षित होतें, कान नव्हे. विजेवर चालणारा तंबोरा आज घरोघर आहे. कळ दाबली कीं तो जुळलेलाच बोलतो. ज्या घरांत धागा सरकविण्याचा प्रसंगच येत नाहीं, त्या घरांतील मुलांना जवारी उघडली केव्हां व मिटली केव्हां हें कसें कळावें? पेटी स्वतःच्या हातानें जोडणारा विद्यार्थी निदान तो कान पुन्हां मिळवूं पाहतो. त्यानें काम हातीं घेण्यापूर्वीं एखादा खराखुरा तंबोरा घटकाभर छेडून पाहावा, आणि धागा एकदां काढून पुन्हां स्वतः बसवावा. आपण विजेनें काय साधूं पाहत आहों, हें त्यास त्या घटकेंत कळेल.